दोन दारांचं हॉस्पिटल

६ जानेवारी

धाकट्या,

आशीर्वाद. घेतलास तर तुझा, नाहीतर पोस्टमनचा.

फोन उचलत नाहीस म्हणून लिहितेय. नातीने माझ्यासमोर तीनदा लावला. "आजी, काका कट करतोय," म्हणाली. म्हटलं, ठीक आहे. फोन कट करता येतो. पत्र फाडावं लागतं, आणि फाडायच्या आधी माणूस एक नजर टाकतोच. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, तेही शेवटचे दोन महिने गालगुंडात गेले. तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस, सावकाश वाच.

थोरल्याला रक्ताचा कॅन्सर झालाय. गोल गोल सांगायला मला येत नाही, आणि कॅन्सर काही गोल सांगितल्याने लहान होत नाही. सप्टेंबरात त्याला लाँड्रीतलं चादरींचं गाठोडं उचलेना. मी म्हटलं, खा खा खातोस, अंगाला लागत नाही का? मग मांडीवर काळेनिळे डाग दिसले. मी चाळीस वर्षं डाग ओळखतेय, पण हा ओळखला नाही. इथल्या डॉक्टरांनी औषधांच्या दोन फेऱ्या दिल्या. आता आजार दबलाय. दबलाय म्हणजे गेला नाही, पलंगाखाली बसलाय. तो परत उठायच्या आत हाडांतला मगज बदलायला हवा, असं डॉक्टर म्हणतो. बोन मॅरो. इथे होत नाही, मोठं हॉस्पिटल निवडा म्हणाला, आणि लवकर निवडा.

मी तुझ्याकडे काही मागत नाही. फक्त कळवलं. उद्या तूच म्हणशील, आई, सांगितलं का नाहीस.

मगज सख्ख्या भावंडाचा जुळला तर सगळ्यात चांगलं, असंही डॉक्टर म्हणाला. थोरल्याला भावंडं किती ते तुला माहीतच आहे.

नऊ वर्षांपूर्वीच्या त्या जळक्या कोटाबद्दल या पत्रात काही नाही. ते झालं ते झालं.

तुझी आई


१९ जानेवारी

धाकट्या,

माझं पत्र परत आलं. पाकिटावर 'न उघडता परत' असं तुझ्या अक्षरात. वाचून थोरली सून डोळ्याला पदर लावायला लागली. मी पाकीट खिडकीत धरलं आणि हसले.

अरे, लाँड्रीवाल्याच्या पोटी जन्मलास आणि पाकीट वाफेवर उघडतोस? कागदाला वाफ लागली की कोपरा शेवयासारखा वळतो, हे मी तुला सहाव्या वर्षी शिकवलं होतं. शिवाय डिंक पुन्हा लावलास तो बोटाने. अंगठ्याचा ठसा आहे. न्यायचं तर पोलिसातसुद्धा नेता येईल. असो. वाचलंस ना, मग झालं. हेही वाच, आणि परत पाठवायची तसदी घेऊ नकोस, पोस्टमनचे गुडघे दुखतात.

आता हॉस्पिटलचं ऐक. सुनेचा भाऊ तुला आठवत असेल, आपण ज्याला सर्वज्ञ म्हणायचो. अजून तसाच आहे. आल्या आल्या म्हणाला, "ताई, डोळे मिटून काचेच्या हॉस्पिटलात घाला. माझी तिथे ओळख आहे."

मी विचारलं, "तुमचा मगज बदलला का तिथे?"

"नाही, माझं मूळव्याधीचं झालं. पण काय सोय! खाली मत्स्यालय आहे."

तर गेलो काचेच्या हॉस्पिटलात. थोरला, सून, नात, सर्वज्ञ आणि मी. दार गोल फिरणारं. मी आत शिरले आणि दोनदा फिरून बाहेरच आले. तिसऱ्यांदा नातीने दंड धरून ओढलं. आत गारवा, कोचावर बसलं की माणूस बुडतो. एक मुलगी हसून पाणी देऊन गेली. मासे खरंच छान होते.

नातीने घरून प्रश्न काढून नेले होते. ती कॉलेजात कसलंसं शास्त्र शिकते, तिला हे कळतं. पण डॉक्टरसमोर तिची जीभ टाळ्याला चिकटली, म्हणून कागद मी घेतला. डॉक्टर तरुण, दात एकसारखे.

मी विचारलं, "हे मगज बदलायचं काम तुम्ही वर्षाला किती करता?"

"आजी, आमचा सेट-अप जागतिक दर्जाचा आहे."

"तो दिसला. मासेसुद्धा जागतिक आहेत. आकडा सांगा."

सर्वज्ञाने मला कोपर मारलं. मी त्याला परत मारलं. डॉक्टर म्हणाला, युनिट नवीन आहे, आतापर्यंत चार झाले.

"त्या चारांतले घरी किती गेले?"

"आम्ही प्रत्येक पेशंटकडे वेगळा माणूस म्हणून बघतो."

"बघा की. पण मोजता तर येतील? चारच आहेत."

तो घड्याळाकडे बघायला लागला. थोरला म्हणाला, "आई, पुरे." मग मी पाय मोकळे करते म्हणून उठले आणि मागच्या बाजूला गेले. घर बघायचं असेल तर मोरी बघावी, आणि हॉस्पिटल बघायचं असेल तर त्याची धुलाई. मागे ठेकेदाराची गाडी उभी होती. एकच ढकलगाडी. तिच्यातून मळकं खाली येतं आणि तिच्यातूनच धुतलेलं वर जातं! मी वरची चादर उचलली, घडी उलगडली. पिवळा डाग आतल्या घडीत फिरवलेला. ही युक्ती मला कोण शिकवणार? मी स्वतः केलेली आहे. पण मी ती लॉजच्या चादरींना केली, ज्याच्या अंगात रोगाशी लढायला एक पांढरी पेशी उरणार नाही अशा माणसाच्या चादरीला नाही.

नातीने सांगितलं ते असं. आधी जालीम औषध देऊन त्याचा स्वतःचा मगज मारून टाकतात. मग दुसऱ्याचा घालतात. तो रुजेपर्यंत दोन-तीन आठवडे माणूस सोललेल्या कांद्यासारखा. साधी सर्दीसुद्धा त्याला घेऊन जाईल. आणि हे लोक एका गाडीतून धुणं नेतात.

बाहेर आल्यावर सर्वज्ञ म्हणाला, "मग? फिक्स?"

म्हटलं, "तुमची पुढची मूळव्याध इथेच करू."

आई


३१ जानेवारी

धाकट्या,

मागचं पत्र परत आलं नाही. म्हणजे शहाणा झालास, किंवा डिंक संपला.

दुसरं हॉस्पिटल बघून आलो. बसने सात तास. कुठल्या शहरात ते तुला सांगायला नको, तू तिथेच राहतोस. उगाच छाती फुगवू नकोस, तुझ्यासाठी नाही गेलो. इथल्या डॉक्टरने नाव दिलं होतं.

थोरला बसमध्ये चढायलाच तयार नव्हता. "त्या शहरात मी पाय ठेवणार नाही."

मी म्हटलं, "पाय ठेवू नकोस, आडवा होऊन जा."

इमारत बघून सुनेचा चेहरा पडला. रंगाचे पापुद्रे सुटलेले, लिफ्ट कण्हते, बसायला लाकडी बाकं. मासे नाहीत. मी थेट मागे गेले. तिथे एकाच खोलीला दोन दारं. एका दाराने मळकं आत जातं. मधे भिंत, भिंतीतच यंत्रं बसवलेली. यंत्राचं एक तोंड इकडे, एक तिकडे. स्वच्छ निघतं ते दुसऱ्या दाराने. इकडच्या बाईने तिकडे जायचं नाही आणि तिकडच्या बाईने इकडे यायचं नाही. मी म्हटलं, बघू तरी, आणि एका चादरीला हात लावायला गेले. तर तिकडची बाई, माझ्याच वयाची असेल, अशी खेकसली की माझी चप्पल निसटली.

"ओ बाई! हात मागे! कुणाच्या जिवावर उठलात?"

मी म्हटलं, "मी नुसती बघत होते."

"डोळ्यांनी बघा. बोटांनी बघू नका."

धाकट्या, चाळीस वर्षांत माझ्यावर कुणी असं ओरडलं नव्हतं. मी ओरडते, लोक ऐकतात. तिथल्या तिथे ठरवलं, थोरला इथेच.

वर वॉर्डाबाहेर नर्सने सुनेला अंगठ्या काढून कोपरापर्यंत हात धुवायला लावले. सुनेने धुतले आणि सवयीने कपाळावरचा केस मागे सारला. नर्स म्हणाली, "परत." सुनेने परत धुतले. मला एवढं समाधान तिच्या लग्नातही झालं नव्हतं.

डॉक्टर बाई आहेत. चपलेचा अंगठा शिवलेला, डोळ्यांखाली काळं. मी कागद काढला, तर त्यांनीच तो माझ्या हातून घेतला आणि ओळीने उत्तरं दिली. गेल्या वर्षी भावंडांचा मगज घेऊन एकसष्ट केले. त्यातले चौदा जण आतापर्यंत गेले. मी विचारलं नव्हतं तरी कशाने गेले तेही सांगितलं. कुणाला जंतू, कुणाला नवा मगजच उलटला, कुणाचा आजार परत आला. थोरला खाली मान घालून ऐकत होता. सून रडली. मला मात्र बरं वाटलं. जी बाई मेलेले मोजते ती जिवंतांनाही मोजत असणार. रविवारी दुपारी ताप आला तर कोण येणार, हा नातीचा शेवटचा प्रश्न होता. बाई म्हणाल्या, "मी. आणि मी मेले असेन तर ती." खिडकीत एक ठेंगणी डॉक्टर उभी होती, तिने मान हलवली.

आता दोन गोष्टी.

पहिली. माझं रक्त तपासलं. अर्धंच जुळतं. मी विचारलं, आई असून अर्धीच? डॉक्टर बाई म्हणाल्या, आई कुठलीही असो, अर्धीच असते. वर माझं वय झालेलं, म्हणजे अर्धी आणि तीही जुनी. नातीचंही अर्धंच. सख्ख्या भावाचं पूर्ण जुळायची शक्यता चारात एक. जुळलं तर हाडंबिडं फोडत नाहीत, मी विचारून घेतलं. पाच दिवस इंजेक्शनं, मग एका हातातून रक्त काढतात, यंत्रातून फिरवून दुसऱ्या हातात परत सोडतात. चार-पाच तास पडून राहायचं. तुला पडून राहायची सवय आहे.

दुसरी. हॉस्पिटलातून सोडल्यावर पहिले शंभर दिवस होईपर्यंत जवळ राहावं लागतं. ताप आला तर अर्ध्या तासात पोचायला हवं. तुझं घर बसने बावीस मिनिटांवर आहे.

हो, मोजलं. तुझ्या गल्लीत आले होते. दारावरची घंटा वाजवली नाही. वर तारेवर कपडे होते. तुझी बायको शर्ट खांद्याला चिमटे लावून वाळत घालते. खांद्याला टोकं येतात. शर्ट खालच्या काठाने टांगावा. बाकी धुणं स्वच्छ होतं.

थोरला म्हणतो, "मी मरेन, पण त्या खोटारड्याचा मगज घेणार नाही."

मी म्हटलं, "मरशीलच. म्हणून तर घ्यायचा."

पण तो ऐकत नाही. आणि तू काय म्हणशील तेही मला माहीत आहे. "ज्याने मला खोटारडा म्हटलं त्याला मी माझी नखंही देणार नाही."

आई


७ फेब्रुवारी

धाकट्या,

हे पत्र चार वेळा सुरू केलं. तीन कागद बंबात गेले. डॉक्टर बाईंचा फोन आला होता, दाता कळवा, मार्च ओलांडू नका.

कोट मी जाळला.

झालं लिहून. आता पुढचं सोपं आहे.

त्या दिवशी सकाळी इस्त्रीवर तू होतास. मग साबणाचे डबे आले म्हणून मागे गेलास. नवरदेवाचा कोट टेबलावर अर्धा राहिला होता. मी म्हटलं, पोराचं काम संपवून टाकू. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, पण कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तुम्ही दोघांनी मला गल्ल्यावर बसवलं असतं. ओलं फडकं शेजारीच होतं, ते कोटावर टाकायचं राहिलं. इस्त्री ठेवली, आणि समोर कुणीतरी गिऱ्हाईक आलं म्हणून वळले. वास आला तेव्हा उशीर झाला होता. मी इस्त्री उचलून जागेवर ठेवली आणि गिऱ्हाइकाशी बोलत राहिले.

संध्याकाळी नवरदेवाचा बाप येऊन नाचायला लागला. थोरला म्हणाला, इस्त्रीवर तू होतास. तू म्हणालास, मी नव्हतो. तो म्हणाला, खोटारडा. तेव्हा मी तोंड उघडायला हवं होतं. उघडलंही, पण त्यातून 'निघ दुकानातून' असं आलं. पाच गिऱ्हाइकांदेखत.

तू कोट उचलून उजेडात धरलास. पुढून बघितलास, मागून बघितलास. मग माझ्याकडे बघितलंस, कोट खाली ठेवलास आणि गेलास. मला वाटलं, रडू येतंय तुला. नवरदेवाच्या बापाला मी कोटाचे पैसे भरून दिले, आणि थोरल्याने तो कोट नीट बघायच्या आत घडी घालून पेटीच्या तळाशी टाकला. का, ते तुला सांगायला नको. आपल्या दुकानात कोटाची कॉलर नेहमी डाव्या हाताला. तुम्ही दोघे उजव्या हाताचे, तुमच्या इस्त्रीचं टोक कॉलरकडे जातं. मी डावखुरी. चट्ट्याचं टोक खालच्या काठाकडे आहे.

माफ कर असं लिहायचं असतं बहुतेक. मला ते शाळेत शिकवलं नाही. चौथीनंतर असेल.

मगज द्यायचा की नाही ते तू ठरव. पण नाही म्हणायचं असेल तर माझ्यावरच्या रागाने म्हण, थोरल्यावरच्या नको. त्याने जे पाहिलं ते बोलला. मी पाहिलं ते गिळलं.

आई


२२ फेब्रुवारी

धाकट्या,

तू गेलास आणि रक्त देऊन आलास, हे आम्हाला लॅबच्या माणसाकडून कळलं. पूर्ण जुळलं. चारात एक, आणि ते एक निघालं. नात टेबलावर चढून नाचली. सून रडली, ती दोन्ही वेळेला रडते.

आता इकडचं. ज्या दिवशी तुला पत्र टाकलं त्याच दिवशी थोरल्यासमोर कोट ठेवला. तोंडाने सांगायला लागले, पण तो म्हणाला, थांब. कोट टेबलावर पसरला, कॉलर डावीकडे. मग थंड इस्त्री घेतली आणि उजव्या हाताने चट्ट्यावर ठेवून बघितली. टोक उलटं. मग डाव्या हातात घेतली. चपखल बसली. मी आयुष्यात इतकी शांत इस्त्री बघितली नाही.

दोन दिवस त्याने जेवणाचं ताट खोलीतच मागवलं. तिसऱ्या दिवशी चहा घेताना म्हणाला, "खोटारडेपणा घराण्यात कुठून आला ते कळलं. अर्धा मगज तुझाच ना माझ्यात."

मी म्हटलं, "हो. म्हणून तर बदलायचाय."

तो हसला. खोकला येईपर्यंत हसला. मग म्हणाला, "तिकिटं काढा."

सर्वज्ञ आला होता. म्हणाला, काचेवाल्यांनी आता मगजाबरोबर दाताची तपासणी फुकट ठेवली आहे. थोरल्यानेच त्याला दाराबाहेर पोचवलं.

आई


१२ एप्रिल

धाकट्या,

खाली औषधांच्या दुकानाशेजारच्या बाकावर बसून लिहितेय. तू वर थोरल्याच्या खोलीच्या काचेपाशी आहेस. वर येऊन बोलता आलं असतं, पण तू माझ्याशी बोलत नाहीस आणि मला लिहायची सवय लागली.

आज डॉक्टर बाईंनी कागद दाखवला. पांढऱ्या पेशी तीन दिवस चढत्या आहेत. तुझा मगज रुजला. एवढीशी पिशवी होती रे, चहाच्या दोन कपांएवढी. तुझी पाच दिवस कंबर धरली होती म्हणे, तुझ्या बायकोने सांगितलं. ती माझ्याशी बोलते. शर्टाचं मी तिला अजून काही म्हटलेलं नाही.

मधले दिवस वाईट गेले. त्याच्या तोंडात फोड, अंगात ताप, पाणी गिळवेना. एका रविवारी दुपारी खरंच ताप चढला, आणि बाई खरंच आल्या. त्याच चपलेत. मी त्या दिवशी धुलाईत जाऊन बसले. इकडच्या दाराशी, हात मांडीवर ठेवून. ती खेकसणारी बाई जाताना म्हणाली, "आज त्याची चादर मी स्वतः बघितलीय."

तुम्ही दोघं काचेच्या दोन बाजूंना ते भिंतीवरचे फोन घेऊन बसता. पहिले तीन दिवस नुसते एकमेकांकडे बघत होतात, दोन बैल गोठ्यात बघतात तसे. नात मला येऊन सांगायची, आज पण काही नाही. चौथ्या दिवशी थोरला म्हणे बोलला, "तू हल्ली वाफेची इस्त्री वापरतोस?" तू म्हणालास, "मग काय कोळशाची?" तो म्हणाला, "वाफेने स्टार्च बसत नाही." तिथून जे जुंपलं ते पाऊण तास. नर्सने येऊन फोन काढून घेतला. मला कळल्यावर मी कितीतरी वेळ पदर तोंडात धरून बसले होते. हसत होते. गैरसमज नको.

डॉक्टर बाई म्हणतात, त्याचा रक्तगटही बदलून तुझा होणार. तेव्हा यापुढे त्याने आगाऊपणा केला तर माझ्याकडे तक्रार आणायची नाही.

काल लिफ्टमध्ये आपण दोघंच होतो. ती कण्हत होती. तू समोर बघत म्हणालास, "टोक खाली होतं. मी तेव्हाच बघितलं होतं." मजला आला आणि तू गेलास.

म्हणजे नऊ वर्षं तुला माहीत होतं! उजेडात धरलास तेव्हाच. थोरल्यासमोर ते टोक दाखवलं असतंस तर एका मिनिटात सुटला असतास. दाखवलं नाहीस. पाच गिऱ्हाइकांदेखत खोटारडा होऊन गेलास, आणि मी आपणहून बोलेन म्हणून नऊ वर्षं वाट बघत बसलास. गाढवा. माझ्यासारख्या बाईची इतकी वाट बघतात का? मेले असते मधेच म्हणजे?

मी काल जेवले नाही. भूक नव्हती.

शुक्रवारी थोरल्याला सोडतील. तो, सून आणि नात तुझ्या घरी येतायत, तुझ्या बायकोने खोली धुऊन ठेवलीय. बावीस मिनिटं. मला कुणी काही म्हटलेलं नाही, आणि मी विचारणार नाही असं ठरवलं होतं. तरी विचारते. मी येऊ का? कोपऱ्यात बसेन. हात कोपरापर्यंत धुवेन. तारेकडे बघणार नाही.

नको असेन तर तोंडाने सांगू नकोस, मला ऐकवणार नाही. हे पाकीट वाफेवर उघड आणि न उघडल्यासारखं परत माझ्या पिशवीत ठेव, मी समजेन. पण कोपरा वळलेला ठेवू नकोस. कोमट इस्त्री फिरव, आणि वर ओलं फडकं टाक. मी एकदा विसरले होते.

आई